जॉकी चालूच राहतो, मेन पंप उठतच नाही. स्प्रिंकलर टेस्ट पास समजायची की फेल?

घोडबंदर_साइट (प्रश्न)

नमस्कार मंडळी. ठाण्यात घोडबंदर रोडला २३ मजली निवासी टॉवरवर मी साइट इंजिनिअर आहे. नोकरीला सव्वा वर्ष झालं. आधी प्लंबिंग बघत होते, दोन महिन्यांपूर्वी फायरचं काम माझ्याकडे आलं. पझेशन महिन्यावर आलंय आणि एका टेस्टवर गाडी अडली आहे.

पंपरूम बेसमेंटला. एक इलेक्ट्रिक मेन पंप, तेवढाच डिझेल, आणि १८० एलपीएमचा (लिटर मिनिटाला) जॉकी, म्हणजे लाइनचा दाब टिकवणारा छोटा पंप. हायड्रंट आणि स्प्रिंकलरचा हेडर (पंपांपुढचा मुख्य पाइप) एकच. पंपरूमच्या गेजपासून २३व्या मजल्यावरच्या स्प्रिंकलर हेडपर्यंत उंची साधारण ७० मीटर. सेटिंग असं: जॉकी ९.५ बारला चालू, १०.५ ला बंद. मेन ८.५ ला चालू, डिझेल ७.५ ला.

परवा २३व्या मजल्यावर लाइनच्या शेवटी टेस्ट घेतली. कॉन्ट्रॅक्टरच्या फोरमनने २५ मिमीचा टेस्ट व्हॉल्व्ह पूर्ण उघडला. बाराव्या सेकंदाला मेन पंप उठला, नंतर हूटर वाजला. सगळ्यांनी माना डोलावल्या, रिपोर्टवर सह्या झाल्या. माझी तेवढी राहिली होती.

दुसऱ्या दिवशी कन्सल्टंटचा माणूस आला. व्हॉल्व्हच्या तोंडाकडे बघून म्हणाला, "ऑरिफिस कुठंय?" म्हणजे एका हेडएवढंच पाणी सोडणारं भोक. त्याने पिशवीतून के ८० हेडची (के म्हणजे हेडच्या तोंडाचा आकडा) नुसती बॉडी काढली, काचेचा बल्ब आणि पाणी पसरवणारा डिफ्लेक्टर काढलेली, ती व्हॉल्व्हच्या पुढे बसवली आणि पुन्हा उघडायला सांगितलं. या वेळी जॉकी लगेच उठला, हेडरचा काटा १०.२ वर गेला आणि तिथंच बसला. सहा मिनिटं आम्ही वायरलेसवर एकमेकांना विचारत होतो, "उठला का?" मेन उठलाच नाही. हूटरही वाजला तो १ मिनिट ५० सेकंदांनी.

कन्सल्टंट म्हणतो फेल. कॉन्ट्रॅक्टर म्हणतो, एका हेडला पाणी पुरतंय ना, मग मेन लागतोच कशाला? आजवर सगळीकडे व्हॉल्व्ह पूर्ण उघडूनच टेस्ट दिली आहे. कागदावर आता माझी सही हवी आहे. डोक्यात नीट बसल्याशिवाय मी ती करणार नाही. कोण बरोबर, आणि दुरुस्ती नेमकी कशात करायची?

---

जुना_फिटर_चिंचवड

ताई, कन्सल्टंटच्या माणसाचं बरोबर आहे. कॉन्ट्रॅक्टर म्हणतो त्यातही थोडं तथ्य आहे. दोन्ही सांगतो, कारण नुसतं "फेल" म्हणून कुणाचं समाधान होत नाही. मी १९९२ साली पिंपरी-चिंचवड पट्ट्यात फायर लाइनवर हेल्पर म्हणून लागलो, पुढे फिटर, मग सुपरवायझर. पाइप डोक्यावर उचलण्यापासून सगळं केलंय.

हेडमधून पाणी किती पडणार याचं गणित एका ओळीचं आहे: के गुणिले दाबाचं वर्गमूळ. तुमच्या पंपरूमला १०.५ बार, वर जाताना ७० मीटरचे जवळजवळ ७ बार गेले, वर राहिले ३.५. ८० गुणिले ३.५ चं वर्गमूळ म्हणजे १५० लिटर मिनिटाला. शेवटच्या पाइपात थोडा दाब मरतो, म्हणजे १४० धरा. आणि तुमचा जॉकी किती देतो? १८०. मग मेन कसा उठेल? जॉकी एकट्याने त्या हेडला पाणी पाजतोय आणि हेडर खाली पडूच देत नाही. काटा १०.२ ला बसला तो याचमुळे. पॅनेलही बिघडलेलं नाही आणि प्रेशर स्विचही.

व्हॉल्व्ह पूर्ण उघडल्यावर २५ मिमीच्या मोकळ्या तोंडातून याच्या दुपटीहून जास्त पाणी जातं. जॉकीला ते झेपत नाही, दाब कोसळतो, मेन उठतो. ती टेस्ट उघड्या नळाची झाली. आग लागल्यावर असा नळ कुणी उघडणार नाहीये, एक बल्ब फुटणार आहे. बहुतेक आगी एक-दोन हेडांतच आटोक्यात येतात. म्हणजे एका हेडची स्थिती हीच खरी स्थिती, आणि नेमकी तीच टेस्टमधून वगळली जाते.

आता कॉन्ट्रॅक्टरचं तथ्य. मध्यम धोक्याच्या हिशोबाने चौरस मीटरला मिनिटाला ५ लिटर आणि एका हेडला १२ चौरस मीटर धरले तर हेडला ६० लिटर लागतात. जॉकी १४० देतोय. म्हणजे आगीवर पाणी पडेल, भरपूर पडेल. पण यात काय लपलंय ते माझ्या डोळ्यांनी बघितलंय, म्हणून लिहितो.

तळेगावकडच्या एका कारखान्यात पॅकिंग खात्यात रात्री पुठ्ठ्याला आग लागली. कारखान्याचं नाव घेत नाही. एक हेड फुटलं, आग तिथंच विझली. फ्लो स्विचची, म्हणजे पाणी वाहू लागलं की हूटर वाजवणाऱ्या स्विचची, वायर कधीतरी उंदराने तोडलेली, हूटर वाजला नाही. गेटवर जो हूटर होता तो मेन पंपच्या पॅनेलला जोडलेला, आणि मेन उठलाच नाही, कारण जॉकी पुरत होता. कुणालाही काही कळलं नाही. सकाळी सहाच्या पाळीला लोक आले तेव्हा पॅकिंगमध्ये घोटाभर पाणी, पुठ्ठ्याच्या थप्प्या खाली बसून लगदा झालेल्या, आणि ते हेड अजून चालू. मी सात वाजता पोचलो. पंपरूममध्ये जॉकीची मोटर हात लावता येणार नाही इतकी तापली होती. टाकी बघितली तर अर्धी. रात्रभरात पन्नास हजार लिटरच्या आसपास गेलं असणार. दुपारी दुसरीकडे आग लागली असती तर तिला अर्धी टाकी मिळाली असती. त्या दिवसापासून मी ऑरिफिसशिवाय टेस्ट घेतलेली नाही.

जॉकीचं काम गळती भरण्याचं आहे. ग्लँड ठिबकते, एनआरव्ही (एकेरी व्हॉल्व्ह) थोडं पाणी परत सोडतो, तेवढं भरून काढायचं आणि मेनला उगाच उठू द्यायचं नाही. आगीला पाणी पुरवणं हे त्याचं काम नाही. पहिलं हेड उघडलं की जॉकी हरला पाहिजे आणि मेन उठला पाहिजे.

दुरुस्तीचं. लोक आधी सेटिंगला हात घालतात, मेनचं कट-इन (चालू होण्याचा दाब) ८.५ वरून ९.२ करतात. तुमच्याकडे त्याने काही होणार नाही, कारण काटा १०.२ ला उभा आहे. १०.२ च्या वर नेलंत तर जॉकीच्या प्रत्येक खेपेला मेन उठेल. खरा उपाय जॉकीचं पाणी कमी करण्याचा आहे. एक तर लहान जॉकी, नाहीतर जॉकीच्या डिलिव्हरीला फ्लँजमध्ये भोकाची प्लेट. प्लेटचं भोक मोजून काढायचं असतं, अंदाजाने पाडायचं नसतं. जॉकीचा कर्व्ह, म्हणजे किती दाबाला किती पाणी त्याचा आलेख, मागवून घ्या.

हूटर १ मिनिट ५० ला का वाजला, तेही बघा. दोन गोष्टी संशयास्पद. पहिली, फ्लो स्विचच्या आतली रिटार्डची, म्हणजे सिग्नल लांबवायची चकती. कव्हर उघडलं की छोटी दातेरी चकती दिसते. बऱ्याच स्विचवर ती ० ते ९० सेकंद फिरते. खोट्या अलार्मला कंटाळून पोरं ती शेवटापर्यंत फिरवून ठेवतात. दुसरी, लाइनमधली हवा. २३व्या मजल्यावर पाइप बीमला वळसा घालून वर गेला असेल तर तिथं हवा अडकते. व्हॉल्व्ह उघडला की आधी ती दाबलेली हवा फुगते आणि पुढचं पाणी ढकलून देते. मागून पाणी उशिरा हलतं, तेही हिसके देत. स्विचची पट्टी हलते, परत येते, हलते, परत येते, आणि प्रत्येक वेळी रिटार्ड शून्यापासून मोजतो. एनएफपीए ७२ या अमेरिकन फायर अलार्म नियमात एका हेडएवढं पाणी वाहू लागल्यापासून ९० सेकंदांत सिग्नल यायला हवा असं आहे. मी स्वतः ४५ च्या पुढे गेलं की कव्हर उघडतो.

सांगतो तेवढं एकदा करा. २०० लिटरचा ड्रम घ्या, टेस्टच्या तोंडाला होज लावून ड्रममध्ये सोडा आणि मोबाइलवर वेळ लावा. ऑरिफिसच्या अलीकडे एक गेज बसवा, ० ते ७ बारचा, २५ बारचा नको, त्यावर पाव बारचा फरक दिसत नाही. ड्रमचं गणित आणि गेजचं गणित जुळलं की कन्सल्टंटशीही बोलता येतं आणि कॉन्ट्रॅक्टरशीही. घोडामैदान जवळच आहे, उद्याच लावून बघा.

---

आराखडा_पुणे

फिटरदादांचं निदान शंभर टक्के मान्य. प्लेटच्या बाबतीत मात्र थोडं थांबा असं सांगेन. १८० एलपीएम हा आकडा कॉन्ट्रॅक्टरने मनाने आणलेला नाही, एनबीसी २०१६ च्या (राष्ट्रीय इमारत संहिता) भाग ४ मधल्या तक्त्यात जॉकी तेवढाच दिलेला आहे. फायर ब्रिगेडचे अधिकारी बघायला येतील तेव्हा नेमप्लेट वाचतील. पंप बदलून लहान लावलात तर एनओसीच्या वेळी प्रश्न निघेल. प्लेट टाका, पण कन्सल्टंटकडून लेखी घ्या, ड्रॉइंगवर दाखवा आणि पंपरूमच्या भिंतीवर लिहून ठेवा. नाहीतर तीन वर्षांनी एखादा मेंटेनन्सवाला "पाणी कमी का येतंय" म्हणून ती काढून भंगारात टाकेल.

मी डिझाइन करतो, त्यामुळे आमच्या बाजूची चूकही सांगायला हवी. आम्ही सर्वांत लांबच्या, सर्वांत वरच्या हेडचं गणित मन लावून करतो आणि खालच्या मजल्यांकडे बघायचं राहून जातं. ताई, पुढचा व्हॉल्व्ह बंद ठेवून चालवला तर तुमचा मेन पंप किती बार दाखवतो? साधी हेडं १२ बारपर्यंतची असतात. मेन १३ ला गेला तर दुसऱ्या मजल्यावरच्या हेडला जवळपास तेवढाच दाब बसतो. खालच्या मजल्यांना पीआरव्ही (दाब कमी करणारे व्हॉल्व्ह) आहेत का, आणि पाणी वाहत असताना ते किती धरतात, हे तपासा. पाणी थांबलेलं असताना गेज बघून पीआरव्ही कळत नाही.

दुसरं, शेवटच्या तुकड्याचा पाइप. २५ मिमीतून १५० लिटर गेले तर दर मीटरला ०.०९ बारच्या आसपास दाब मरतो. ३२ मिमी केला तर साधारण चौथ्या हिश्शावर येतो. साइटवर बीम आडवा आला म्हणून पोरं दोन मीटरचा वळसा सहा मीटरचा करतात, चार एल्बो वाढवतात, आणि आमच्या गणितात ते कधी येतच नाही. जसं बांधलं तसं ड्रॉइंग परत पाठवायला सांगा. मी दर साइटला मागतो. दहात दोन येतात.

---

सेक्रेटरी_बी_विंग

मी या क्षेत्रातला नाही. नवी मुंबईत आमची १८ मजली सोसायटी आहे, इमारतीला नऊ वर्षं झाली. हा धागा वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय, कारण तुम्ही लोक इमारत देऊन जाता आणि नंतर ती आमच्या गळ्यात असते.

दर जानेवारी आणि जुलैत फॉर्म बी (आगीची यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र) द्यावा लागतो, महाराष्ट्राचा २००६ चा कायदा आहे. परवानाधारक एजन्सीचा माणूस येतो, पंपरूमच्या गेजचा फोटो काढतो, एक हायड्रंट उघडून अंगणात पाणी उडवतो, तासाभरात फॉर्म तयार. मी एकदा आग्रह धरला की वरच्या मजल्यावर स्प्रिंकलरची टेस्ट करून दाखवा. त्याने सोळाव्या मजल्यावरचा व्हॉल्व्ह उघडला. त्या व्हॉल्व्हला ड्रेनच नव्हता. पाइप भिंतीतून दोन इंच बाहेर येऊन संपलेला. बादली लावली होती, ती पहिल्या पाच सेकंदांत भरली. काळंभोर पाणी, सडक्या अंड्यासारखा वास, लॉबीतून थेट लिफ्टच्या खड्ड्यात. लिफ्ट चार दिवस बंद. तीन मजल्यांवर ज्येष्ठ नागरिक, एकीचं डायलिसिस आठवड्यातून दोनदा. तिला आम्ही खुर्चीवर बसवून खाली नेत होतो. त्यानंतरच्या सभेत ठराव झाला की पुन्हा अशी टेस्ट करायची नाही. मी विरोधात हात वर केला होता, पण डायलिसिसवाल्या आजींच्या मुलाला काय सांगणार?

शिवाय पाणी. एप्रिल-मेमध्ये आम्ही टँकर घेतो. अशा वेळी मिनिटाला दीडशे लिटर गटारात सोडा म्हटलं की कमिटी तोंडाकडे बघते.

आणि एक विचारायचं आहे. दिवाळीआधी बऱ्याच फ्लॅटमध्ये रंगकाम झालं. मी सहज बघितलं तर अकराव्या मजल्यावरच्या तीन घरांत पेंटरने हेडांवर सरळ रोलर फिरवलाय, बल्ब पांढरा. एका घरात किचनच्या माळ्याचं प्लायवूड हेडच्या खाली चार बोटांवर आलंय. रंग थिनरने पुसला तर चालेल का?

---

जुना_फिटर_चिंचवड

सेक्रेटरीसाहेब, थिनरने पुसू नका. ब्लेडने खरवडू नका. रंग लागलेलं हेड काढायचं आणि नवं लावायचं, दुसरा उपाय नाही. लाल बल्ब ६८ अंशाला फुटतो, कारण आतला द्रव फुगतो. वर रंगाचा थर असेल तर उष्णता आत पोचायला उशीर होतो, आणि फुटल्यावरही रंगाने चिकटलेली टोपी सुटेलच याची खात्री नसते. माळ्याचं प्लायवूड काढायलाच हवं. एनएफपीए १३ मध्ये डिफ्लेक्टरच्या खाली १८ इंच, म्हणजे ४५७ मिमी मोकळी जागा धरलेली आहे. चार बोटांवर फळी असली तर पाण्याची छत्री उघडतच नाही, सगळं पाणी माळ्यावर पडतं आणि खाली शेगडी पेटत राहते.

हेड बदलायला कुणाला बोलावलंत तर त्याच्या हाताकडे लक्ष ठेवा. मजल्याचा बटरफ्लाय व्हॉल्व्ह बंद, ड्रेन उघडा, लाइन रिकामी झाली हे कानाने ऐकायचं. मग त्या हेडचा खास पाना लावायचा. मंकी पान्याने दांड्यांना पकडून फिरवलं की बल्बला बारीक तडा जातो. तो तडा त्या दिवशी दिसत नाही, महिन्याभराने रात्री दोन वाजता सोफ्यावर दिसतो. टेफ्लॉन पहिले दोन आटे सोडून गुंडाळायचं, नाहीतर टेपची शेपटी तोंडात लोंबते आणि पाण्याबरोबर जाऊन डिफ्लेक्टरला अडकते. आटे कुठले तेही विचारा. आपल्याकडची फिटिंग बहुतेक बीएसपी, आणि बरीच हेडं येतात एनपीटी आट्यांची. अर्ध्या इंचात दोन्हींना इंचाला १४ आटे, त्यामुळे गुमान आत जातं आणि बसल्यासारखं वाटतं. पण आट्याचा कोन वेगळा, एकाचा ५५ अंश, दुसऱ्याचा ६०. टेस्टच्या दिवशी सुकं, पंधरा दिवसांनी पीओपीवर पिवळा डाग. मग पोरं पाना लावून अजून आवळतात आणि सॉकेटच चिरतं. खोक्यावर आट्याचा प्रकार लिहिलेला असतो, सॉकेट त्याच जातीचं मागवा.

आता ड्रेनचं. हे तुमच्यापेक्षा ताईंसाठी लिहितोय, कारण त्यांच्या हातात अजून महिना आहे. ताई, प्रत्येक मजल्याच्या टेस्ट व्हॉल्व्हचं पाणी कुठं जातं ते आज चालत जाऊन बघा. २३ मजले, प्रत्येकावर. बादलीत जात असेल तर ती टेस्ट इमारतीच्या आयुष्यात पुन्हा होणार नाही, साहेबांच्या सोसायटीत झालं तसंच होईल. शाफ्टमधून ५० मिमीचा उभा ड्रेन खाली आणा, प्रत्येक मजल्याचं टेस्ट आणि ड्रेन त्याला जोडा, मध्ये काचेची खिडकी ठेवा म्हणजे पाणी वाहताना दिसेल. पहिलं काळं पाणी गटारात जाऊ दे, मग खाली एक व्हॉल्व्ह फिरवून स्वच्छ पाणी परत फायर टाकीत घ्या. टँकरचं भांडण तिथंच मिटतं. मुख्य पंपाची पूर्ण प्रवाहाची टेस्टही अशीच टाकीत परत फिरवून घेतात. ठरलेल्या प्रवाहाच्या दीडपटीला दाब ठरलेल्या दाबाच्या ६५ टक्क्यांच्या खाली जाता कामा नये, हे बघायला मिनिटभर पंप चालवावा लागतो आणि तेवढं पाणी कोण फेकून देणार?

काळ्या पाण्याचंही सांगतो, साहेब. तो वास म्हणजे आतून गंज आणि जंतू दोन्ही. लाइन भरताना हवा आत राहिली, की पाणी आणि हवा भेटतात त्या रेषेवर पाइप सगळ्यात आधी खातो. तुमच्या लाइनला रायझरच्या (उभ्या पाइपच्या) टोकाला एअर व्हॉल्व्ह आहे का ते एजन्सीला विचारा. दर टेस्टला पाणी उपसून नवं भरायचं असं करू नका, नव्या पाण्याबरोबर नवा ऑक्सिजन जातो. लागेल तेवढंच सोडा.

आणि त्या आजींच्या मुलाला माझा नमस्कार सांगा. ड्रेन बसवल्यावर त्यालाच पहिल्या टेस्टला बोलवा.

---

बुटीबोरी_मेंटेनन्स

नागपूरकडून एक भर. आमच्या शेडला पत्रा आहे. मे महिन्यात बाहेर ४६-४७ असलं की पत्र्याखाली त्याहून बरंच जास्त. पुण्याच्या डिझाइनवरून आमच्याकडे ६८ चे लाल बल्ब बसवले होते. पहिल्याच उन्हाळ्यात दुपारी तीनला आगीशिवाय दोन फुटले, खाली कंट्रोल पॅनेलचा माल. बल्ब त्या जागेच्या कमाल तापमानापेक्षा किमान ३० अंशांनी वरचा हवा. पत्र्याखाली आम्ही सगळे ९३ चे हिरवे केले, ऑफिसात ६८ चे लालच ठेवले. खरेदीवाला एकाच रंगाचे मागवायला बघतो, त्याला रंगांचा तक्ताच दिलाय: ५७ केशरी, ६८ लाल, ७९ पिवळा, ९३ हिरवा, १४१ निळा. तुमच्या टॉवरमध्ये गच्चीवरच्या लिफ्ट मशीनरूमला आणि किचनला कुठला रंग आहे तो बघून घ्या.

---

घोडबंदर_साइट

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. नऊ दिवसांनी लिहितेय, कारण आकडे हातात आल्याशिवाय लिहायचं नव्हतं.

काका, ड्रम लावला. २०० लिटरचा निळा ड्रम १ मिनिट २६ सेकंदांत भरला, म्हणजे मिनिटाला १४० लिटर. ऑरिफिसच्या अलीकडचा गेज ३.१ बार. ८० गुणिले ३.१ चं वर्गमूळ केलं तर १४०.९. मी ते फोरमनच्या समोर त्याच्याच वहीत लिहिलं. तो थोडा वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "म्हणजे मागच्या साइटवर पण असंच असणार." त्याने तिथल्या माणसाला फोन लावून सांगितलं, माझ्यासमोर.

जॉकीचा कर्व्ह मागवला, कन्सल्टंटने ९ मिमी भोकाची प्लेट लेखी दिली, ड्रॉइंगवर आली. प्लेटशेजारी भिंतीवर मराठी आणि हिंदीत पाटी रंगवून घेतली: ही प्लेट काढू नये, काढल्यास आगीच्या वेळी मेन पंप चालू होणार नाही. प्लेट बसल्यावर ऑरिफिस लावून तीन वेळा टेस्ट घेतली. मेन २६, ३१ आणि २८ सेकंदांना उठला. तिन्ही वेळा हाताने बंद केला, तो आपोआप बंद होत नाही हेही बघितलं.

हूटरचं तुम्ही म्हणालात तेच. फ्लो स्विचचं कव्हर उघडलं, चकती ९० वर. ३० वर आणली. तरी हूटर ७० सेकंदांना. मग पाइपच्या मागे चालत गेले तर लिफ्ट लॉबीच्या बीमला वळसा घातलेला आहे, वर चढून परत खाली. त्या उंच टोकाला एअर व्हॉल्व्ह बसवला. उघडल्यावर जवळजवळ मिनिटभर नुसती हवा फुसफुसत होती. आता हूटर ३८ ला वाजतो.

आराखडा_पुणे सर, मेन पंप बंद व्हॉल्व्हवर १२.८ दाखवतो. पीआरव्ही पहिल्या ते आठव्या मजल्यापर्यंत आहेत. पाणी वाहताना तपासले, सहा ठीक निघाले. तिसऱ्या आणि पाचव्या मजल्याचे काहीच धरत नव्हते, बाण उलटा बसवला होता. फिरवून घेतले. किचनला ७९ चे पिवळे आहेत, मशीनरूमला ६८ चे लाल होते, ते बदलायची ऑर्डर गेली.

ड्रेन बघायला २३ मजले चालले. १४ मजल्यांवर उभ्या ड्रेनला जोडलेलं आहे. नऊ मजल्यांवर पाइप शाफ्टच्या दारापर्यंत येऊन संपतो, साहेबांच्या सोसायटीत आहे तसाच. बिल्डरच्या माणसाने "हँडओव्हरनंतर बघू" म्हटलं. मी रिपोर्टवर ते नऊ मजले नंबरानिशी लिहिले आणि त्याखाली सही केली. काल प्लंबर लागले, सतराव्या मजल्यापर्यंत झालंय, वरचे सहा उरलेत. सेक्रेटरीसाहेब, तुमच्याकडे शाफ्टमध्ये ५० मिमी पाइपला जागा आहे का ते मोजून इथं लिहाल का? जोडणी कशी केली त्याचं स्केच मी टाकते.